आफ्रिकेतली सफारी आणि आमच्या हरभऱ्यातली जागल

मंडळी, पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. नाव कुणाचंच घेणार नाही. ज्याला लागेल त्याला लागो, मलाही लागलेलं आहे.

गेल्या आठवड्यात माझ्याकडे एकाच दिवशी दोन बातम्या आल्या.

पहिली व्हॉट्सॲपवर, टाईप करूनच आली. "निलंग्यातील अकरा दांपत्यांची दक्षिण आफ्रिका सफारी उत्साहात संपन्न." सोबत सतरा फोटो. उघड्या जीपमध्ये खाकी टोप्या घातलेले आपलेच ओळखीचे चेहरे, पाठीमागं हत्ती. चोबे नदीत बोट, काठावर पाण्याला आलेल्या रानरेड्यांचा कळप. लॉजच्या अंगणात शेकोटी, भोवती गोल मांडलेली जेवणाची टेबलं. यात डॉक्टर आहेत, कृषी सेवा केंद्रवाले आहेत, प्लॉटिंगवाले आहेत, क्लासवाले आहेत. माणशी साडेचार लाखांच्या आसपास खर्च आला, असं त्यांच्यातल्याच एकानं सांगितलं.

दुसरी बातमी फोनवर आली. औराद रस्त्यावरच्या एका गावातले तात्या. वय साठीच्या पुढं, कोरडवाहू पाच एकर. "भैय्या, हरभरा गेला बघ. साठ-सत्तर हरणं यायलालेत रोज रातच्याला. शेंडा म्हणून ठिवला नाही. तेवढं पेपरात टाक की."

पेपरात काय आलं? सफारी चार कॉलम, रंगीत, हत्तीसकट. हरभरा एक कॉलम, आतल्या पानावर. मथळा "हरणांचा हैदोस, शेतकरी हवालदिल". हा मथळा मी गेली पंधरा वर्षं देतोय, दरवर्षी फक्त गावाचं नाव बदलतो. सफारीला गेलेल्यांपैकी दोघं माझे नेहमीचे जाहिरातदार आहेत. तालुक्याच्या वार्ताहराचं घर पगारावर चालत नाही, जाहिरातीच्या कमिशनवर चालतं. हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही. म्हणून चार कॉलम कुणाला आणि एक कॉलम कुणाला हे ठरवताना माझा हात थरथरला वगैरे काही नाही. सवयीनं झालं.

दुसऱ्या दिवशी तात्यांचा फोन. "लई बारीक टाकलं रं." एवढंच म्हणाले. मग मला राहवलं नाही. रात्री गाडी काढली आणि जागलीला गेलो.

ज्यांचं शेताशी नातं आता फक्त सातबाऱ्यापुरतं उरलंय, त्यांच्यासाठी सांगतो. जागल म्हणजे पीक राखायला रात्रभर शेतात जागणं. शेताच्या चारी बाजूंनी घरातल्या बायकांच्या जुन्या साड्या बांधलेल्या. बांधावर एक छोटा भोंगा, त्यात कुत्र्याचं भुंकणं आणि माणसाचा "हाऽऽड हाऽऽड" असा आवाज भरलेला. दोन दिवस हरणं त्याला भ्यायली, तिसऱ्या दिवसापासून भोंग्याशेजारीच चरायला लागली. तात्यांच्या हातात बॅटरी, शेजारी पत्र्याचा डबा आणि काठी. अंगावर दोन घोंगड्या, तरी दात वाजायला लागलेले.

रात्री दीडच्या सुमाराला कळप आला. खोटं कशाला बोलू, बघत राहावं असं दृश्य होतं. पुढं पिळाच्या शिंगांचा काळाभोर नर, मागं माद्या, त्यांच्यामागं पिल्लं. बॅटरीच्या उजेडात डोळे लुकलुकले. हेच बघायला आपली माणसं समुद्र ओलांडून जातात. तात्यांनी डबा वाजवला. कळप उड्या मारत शेजारच्या तुरीत गेला. शेजारच्यानं डबा वाजवला, कळप परत आमच्या हरभऱ्यात. पहाटेपर्यंत हाच खेळ.

तात्या म्हणाले, "आमचा बाप म्हणायचा, चार घास पाखराचे, चार घास हरणाचे. देऊलालाव की आम्ही पण. पर ह्यांनी माझं ताटच उचललं." मग थोड्या वेळानं म्हणाले, "ते तुझे लोक गेलते आफ्रिकेला, तितं शेतकरी हायत का? त्येंच्या रानात हत्ती शिरल्यावर ते काय करत असतील?"

हा प्रश्न मी परत येऊन सफारीवाल्यांतल्या तिघांना विचारला. एकजण म्हणाले, "सर, गावं तर आम्हाला दिसलीच नाहीत." दुसरे म्हणाले, "रस्त्यात होती, पण गाडी थांबली नाही." तिसऱ्यांनी मला सिंहाचा व्हिडीओ पाठवला.

मग मीच वाचायला बसलो. जे कळलं ते असं.

आपली मंडळी फिरून आली ते क्रुगर राष्ट्रीय उद्यान सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरचं आहे. आपला लातूर जिल्हा सव्वासात हजारही भरत नाही. म्हणजे अडीच लातूर जिल्हे त्यात मावून वर जागा उरेल. १८९८ साली तिथं पहिली राखीव शिकारभूमी झाली, १९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. एवढी मोकळी जागा आपोआप सापडत नाही. तिथं माणसं राहत होती. उद्यानाच्या उत्तर टोकाला मकुलेके नावाच्या समाजाची गावं होती. १९६९ साली वर्णद्वेषी सरकारनं त्यांना हाकललं आणि जमीन उद्यानाला जोडली. ते सरकार गेलं, लोकशाही आली, मकुलेकेंनी जमीन परत मागितली आणि १९९८ मध्ये वीस हजार हेक्टरांहून जास्त जमीन त्यांच्या नावावर परत झाली.

आता गंमत बघा. जमीन मिळाल्यावर त्यांनी तिथं नांगर घातला नाही. जंगल जंगलच ठेवलं, लॉज चालवणाऱ्यांशी करार केले. जागा आमची, तुम्ही धंदा करा, आमचा वाटा आम्हाला द्या, आमच्या पोरांना काम द्या.

शेजारच्या नामिबियात तर कायदाच झाला. पूर्वी तिथं मोठ्या गोऱ्या शेतमालकाला त्याच्या जमिनीवरच्या वन्यप्राण्यांपासून कमाई करायचा हक्क होता. सामाईक जमिनीवर राहणाऱ्या काळ्या शेतकऱ्याला तो नव्हता, त्याच्या वाट्याला फक्त नुकसान. १९९६ च्या कायद्यानं तो हक्क गावकऱ्यांनाही दिला. गावांनी एकत्र यायचं, आपली हद्द शेजाऱ्यांशी बोलून ठरवायची, सभासदांची यादी करायची, समिती निवडायची आणि नोंदणी करायची. १९९८ साली अशा पहिल्या चार संस्था नोंदल्या गेल्या. आज ऐंशीहून जास्त आहेत आणि देशाच्या सुमारे एक पंचमांश जमिनीवर पसरल्या आहेत. गावचेच राखणदार रोज फिरून कुठं कोणता प्राणी दिसला, कुणाचं काय नुकसान झालं याची वही लिहितात. लॉजवाला येतो तेव्हा गावाच्या समितीसमोर बसून करार करतो. झिंबाब्वेनं १९८९ पासूनच असा एक कार्यक्रम सुरू केला होता.

तिथं रामराज्य आहे असं मी म्हणत नाही. बोट्स्वानात सव्वा लाखाहून जास्त हत्ती आहेत आणि त्यांच्या पायाखाली गरिबाचंच शेत तुडवलं जातं. त्याच देशात सान लोकांना कालाहारीच्या राखीव क्षेत्रातून बाहेर काढलं होतं. त्यांना कोर्टात जावं लागलं आणि २००६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. समित्यांत पैसा खाणारे तिथंही आहेत, माणूस सगळीकडं सारखाच. कोरोनात विमानं बंद झाली तेव्हा लॉज ओस पडले आणि गावांचं उत्पन्न एका झटक्यात आटलं. पण एक गोष्ट तिथं झाली. प्राण्याचा खर्च कोण सोसतं आणि कमाई कोण करतं, हा प्रश्न उघडपणे विचारला गेला. त्यातून कायदे बदलले.

आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारला का?

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. काळवीट त्यातल्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच रांगेत. कायदा चांगला आहे, तो नसता तर काळवीट आज फक्त चित्रात दिसलं असतं. चित्त्याचं तेच झालं. १९५२ मध्ये आपण चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर केलं आणि सत्तर वर्षांनी, २०२२ च्या सप्टेंबरात, नामिबियाहून आठ चित्ते विमानानं कुनोला आणले. पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेहून बारा. त्याच कुनोतून त्याआधी सिंहांसाठी म्हणून चोवीस गावं उठवली होती. सिंह तर आलेच नाहीत. चित्ता आणायला विमान मिळतं, तिथली हिशोबाची पद्धत आणायला मात्र कुणालाच सुचत नाही.

आता तात्यांचा हिशोब बघा. नुकसानभरपाई आहे, नाही असं नाही. तीन दिवसांच्या आत अर्ज करायचा. सोबत सातबारा, आधार, पासबुक, फोटो. मग पंचनामा. मागच्या वर्षी तात्यांनी हे सगळं केलं. चार हेलपाटे झाले. हातात पडले ते बियाणाच्या पैशाच्या निम्मेही नव्हते. त्यांच्या शेजारी बटईनं करणारा पोरगा आहे, त्याच्या नावावर सातबाराच नाही. त्याचा हरभरा हरणानं खाल्ला तर सरकारी कागदावर तो खाल्लाच गेलेला नाही.

कुंपणासाठी जन-वन विकास योजना आहे. २०१५ ची. पण तिची मूळ आखणी व्याघ्र प्रकल्प आणि अभयारण्यांच्या भोवतालच्या गावांसाठी. आपल्या तालुक्यात ना व्याघ्र प्रकल्प ना अभयारण्य. २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्रानं जाहीर केलं की २०२६ च्या खरिपापासून पीकविम्यात वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसानही धरणार. आनंद आहे. पण अट अशी की ७२ तासांत ॲपवर फोटोसकट नोंद करायची. तात्यांकडे बटनांचा फोन आहे.

लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्काही नाही. म्हणून वनाच्या नकाशावर आपण जवळजवळ नाहीच. पण हरीण आहे! कारण काळविटाला घनदाट जंगल लागतच नाही, त्याला माळरान लागतं. उघडं, गवताचं, लांबवर दिसणारं. ते माळरान म्हणजे आपली गायरानं. त्यांना आपण कागदावर पडीक म्हणतो. पडीक म्हटलं की काहीही करायला मोकळे. कुठं मुरूम उपसला, कुठं प्लॉट पाडले, कुठं अतिक्रमण झालं, कुठं पर्यावरणाच्या नावाखाली गवत काढून झाडांचे खड्डे खणले. मग हरीण जाणार कुठं? तात्यांच्या हरभऱ्यात. आणि गायरान कुणी गिळलं याची यादी काढली, तर चार कॉलमच्या फोटोतले एक-दोन चेहरे त्यात सापडतील. खाकी टोपी न घालता.

लोकांना न विचारता प्राणी वाचवायला गेलं की काय होतं, तेही आपल्या शेजारीच घडलंय. १९७९ साली सोलापूर-नगर भागात माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं. साडेआठ हजार चौरस किलोमीटर! लोकांची शेतं, गावं, रस्ते सगळं त्याच्या आत. जमिनीचा व्यवहार अडला, कामं अडली, लोकांना तो पक्षी वैरी वाटायला लागला. शेवटी क्षेत्र कापून सव्वाबाराशे चौरस किलोमीटरवर आणलं. आज नान्नजला माळढोक दिसला तर त्याची बातमी होते.

आणि २०२४ च्या डिसेंबरात काय झालं आठवतंय? यवतमाळच्या टिपेश्वरचा वाघ चालत चालत आपल्या शेजारी येडशीच्या रामलिंग अभयारण्यात पोहोचला. आमच्या सगळ्या ग्रुपवर एकच जल्लोष, "मराठवाड्यात वाघ!" मीही पोस्ट टाकली होती, लाईक भरपूर पडले. ज्याची गाय गेली, त्याच्या दारात किती जण गेले? मी गेलो नव्हतो.

आता कॉमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे, म्हणून आधीच उत्तर देतो.

"आमच्या कष्टाच्या पैशानं गेलो, तुझ्या पोटात का दुखतं?" दुखत नाही. जा, पुन्हा जा. पैसे असते तर मीही गेलो असतो आणि हत्तीसोबत फोटोही काढला असता. पण तिथं तुम्ही जे साडेचार लाख दिले, त्यातला काही भाग तरी कायद्यानं आणि करारानं कुठल्या ना कुठल्या गावापर्यंत जातो. ते बघून आलेला माणूस इथं गप्प कसा बसतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

"हरणं मारायची परवानगी द्या, विषय संपला." नाही संपत. माळरान संपलेलं असताना हरीण मारून शेत वाचणार नाही, उद्या रानडुक्कर येईल, तो तर मूळ उपटतो. आणि परवानगीशिवाय जे चाललंय ते त्याहून वाईट आहे. कुंपणात विजेचा करंट सोडतात. त्यात डुकराआधी कधी कधी घरचाच माणूस जातो. अशा बातम्या मी दिल्यात, अंत्यविधीला उभा राहून दिल्यात. करंट सोडू नका, हात जोडतो.

"आपल्याकडे कोण येणार बघायला? इथं काय सिंह आहेत?" सिंह नाहीत. पण पुणे जिल्ह्यात इंदापूरजवळ कडबनवाडीला आणि बारामतीजवळ शिर्सुफळला तरी कुठं सिंह आहेत? तिथं वनखात्यानं माळरानाची सफारी सुरू केली आहे. लोक पैसे भरून लांडगा, चिंकारा, तरस बघायला येतात आणि वाट दाखवायला गावातलीच पोरं असतात. माळ तोच, गवत तेच. फरक एवढाच की तिथं त्या माळाला कुणी पडीक म्हटलं नाही.

उद्या निलंग्यात लॉज उभे राहतील आणि तात्या श्रीमंत होतील, असलं स्वप्न मी विकत नाही. पर्यटन आलं नाही तरी चालेल. हिशोब आला पाहिजे. माझ्या मते मागायच्या गोष्टी चारच आहेत.

एक, तालुक्यात हरणं आणि रानडुकरं किती, कोणत्या गावात किती नुकसान, याची गावनिहाय मोजणी आणि वही. आकडा नसेल तर मागणी कशाच्या जोरावर करणार?

दोन, भरपाई पिकाच्या खऱ्या किमतीशी जोडलेली, ठरलेल्या मुदतीत, आणि बटईदारालाही. ॲपवर नोंद करायची तर गावात ती करून देणारा माणूस नेमा.

तीन, अभयारण्य नसलेल्या पण हरणं असलेल्या गावांनाही कुंपणाच्या योजनेत हक्कानं जागा. अनुदान गटानं मिळालं पाहिजे. एकट्या शेताला कुंपण घातलं की कळप फक्त शेजाऱ्याकडं जातो, हे मी त्या रात्री डोळ्यांनी बघितलं.

चार, उरलेल्या गायरानाची मोजणी आणि राखण. ते गवत गुराढोरांचं आहे, हरणाचं आहे आणि गावाचं आहे.

२६ जानेवारीला ग्रामसभा आहे. ठराव घ्यायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. ठरावाचा मसुदा मी लिहून देतो, फुकट. ज्या गावाला पाहिजे त्यानं इनबॉक्समध्ये या.

आणि त्या अकरा दांपत्यांना माझं मनापासून निमंत्रण आहे. टोमणा समजू नका. एक रात्र जागलीला या. जीप नाही, ट्रॅक्टर आहे. शेकोटी तशीच आहे, जेवायला ठेचा-भाकरी, सकाळी परतताना निलंगा राईस माझ्याकडून. कळप हमखास दिसेल, आफ्रिकेत तेवढी खात्री कुणी देत नाही. दुर्बिणी आणल्यात त्या घेऊन या. तुमच्यात शिकलेली, बोलती माणसं आहेत, साहेब लोकांच्या टेबलापर्यंत तुमचा आवाज पोहोचतो. तात्यांचा पोहोचत नाही. त्यांच्या शेजारी उभं राहून एकदा बोला.

माझ्या बाजूचं मी लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कुणी विचारलं तर पळता येणार नाही. हरभऱ्याची पुढची बातमी चार कॉलम जाईल. कार्यालयानं कापली तर इथं टाकीन, पूर्ण. आणि "हरणांचा हैदोस" हा मथळा आजपासून बंद. हैदोस हरणानं घातलेला नाही. त्याचा माळ आपण खाल्ला, आता ते आपलं शेत खातंय.

काल संध्याकाळी तात्यांना फोन केला, त्यांचा प्रश्न होता त्याचं उत्तर सांगायला. मकुलेकेंची गोष्ट सांगितली, नामिबियाची सांगितली. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे त्येंनी एकीनं मागितलं म्हणून मिळालं." मग म्हणाले, "ठेवतो भैय्या, जागलीचा टाईम झाला."

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली लिहा, उत्तर देईन. पण लिहिण्याआधी आपल्या गावचं गायरान किती एकर होतं आणि आज किती उरलंय, तेवढं एकदा तलाठ्याला विचारून या.